मीटरच्या खोलीतले तीनशे चोवीस वॅट

निसर्गाचे नियम सगळ्यांना सारखेच लागू असतात. राजा असो वा रंक, त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आणि बरीच वर्षं खरंही मानत होतो. मग मुलुंड पूर्वेच्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर माझी निवड झाली. तिथे ओहमचा नियम सहा वर्षं विषयपत्रिकेवर होता आणि दर वेळी बहुमताने पुढच्या सभेपर्यंत तहकूब होत होता.

तो विषयपत्रिकेवर आणणारा माणूस म्हणजे चौथ्या मजल्यावरचे भालचंद्र पेडणेकर. सरकारी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. वडील गिरणीत, गाव मालवणकडचं, बोलणं कमी. सगळी बिल्डिंग त्यांना सर म्हणायची. आमच्याकडे ज्याचं ऐकायचं नसतं त्याला सर म्हणण्याची पद्धत आहे.

सरांना विशेषणं सहन होत नसत. कोणी म्हणालं, "सर, आज लाइट डिम आहे," की ते विचारत, "किती?" पंखा हळू फिरतो म्हटलं तर, "हळू म्हणजे किती?" एकदा आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाचा पट्टा सोडवत सांगितलं, "बीपी जरासं जास्त आहे." सर तिथेच बसून राहिले. आकडा कळल्यावर उठले. ते म्हणत, "गरम, थंड, जास्त, कमी, हे सगळं मत झालं. मत सगळ्यांनाच असतं. मीटर कुणाकडे आहे ते सांगा."

मीटर त्यांच्याकडे होता. दोन होते. एक साधा, व्होल्टेज मोजायचा. दुसरा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरला की तार न तोडता करंट दाखवणारा. हा दुसरा त्यांच्या बायकोने शिवलेल्या खादीच्या पिशवीत खांद्याला लटकलेला असे. दूध आणायला जातानाही असे. दुधाच्या केंद्रावर त्याचा काय उपयोग, असं मी एकदा विचारलं. "त्यांचा डीप फ्रीझ साडेचार अँपिअर घेतो. तीन घ्यायला हवा," ते म्हणाले. "सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत."

माझ्या घरी त्यांनी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते आमच्या गिझरमुळे. पाणी तापायला तास लागत होता आणि दुकानदार नवा गिझर घ्या म्हणत होता. सरांनी गिझर बंद असताना प्लगपाशी व्होल्टेज मोजलं, दोनशे तीस. चालू केल्यावर मोजलं, दोनशे सहा. मग टाँग टेस्टर लावला. आठ अँपिअर.

"चोवीस व्होल्ट वाटेत हरवले," ते माझ्या बायकोला म्हणाले. मला सांगण्यात अर्थ नाही हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "वहिनी, व्होल्टेज म्हणजे ढकलणारा. करंट म्हणजे चालणारा. रेझिस्टन्स म्हणजे वाटेत आडवा येणारा. ढकलण्याला चालण्याने भागलं की आडवा येणारा किती तगडा आहे ते कळतं. चोवीस भागिले आठ, तीन ओहम. आणि त्या दोघांचा गुणाकार केला की तो किती तापलाय ते कळतं. चोवीस गुणिले आठ."

"एकशे ब्याण्णव," बायको म्हणाली.

"एकशे ब्याण्णव वॅट. ते कुठे आहेत?"

"म्हणजे गिझरच्या अगोदर भिंतीत कुठेतरी दुसरा छोटा गिझर चालू आहे."

सर तिच्याकडे बघत राहिले. शिकवण्याच्या चौतीस वर्षांत असं उत्तर त्यांना तीनदा मिळालं होतं, असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. तो छोटा गिझर देवघराच्या मागच्या वायरींच्या डबीत सापडला. दोन तारांना पीळ देऊन वरून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी काळी पडून भिंतीला चिकटली होती. देवाला इतकी वर्षं ऊब मिळत होती ती भक्तीची नव्हती, एवढं कळलं.

आता जोडाची गोष्ट. आमची बिल्डिंग चार मजली. बत्तीस घरं, लिफ्ट नाही, जिना एकच. जिन्याच्या तळाशी मीटरची खोली. सरांनी हा विषय सभेत आणला त्याच्या थोडं आधी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीत कामगाराच्या कुदळीचा घाव मेन केबलवर बसला. केबल बदलायला हवी होती. पण त्याच आठवड्यात पुनर्विकासाबद्दल एका बिल्डरचं पत्र आलं. बिल्डिंगच पाडायची तर केबल कशाला, असा विचार झाला आणि तुटलेल्या जागी जोड मारून घेतला. मुंबईच्या उपनगरांत अशा शेकडो इमारती असतील. पुनर्विकासाचं पत्र आलं की तिथे कोणी भिंतीला रंग देत नाही, गळका नळ बदलत नाही. घर अजून उभं असतं, पण लोक त्याला गेलेलं धरून वागतात.

एका रविवारी सरांनी त्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरची टोकं लावली. तीन तारांपैकी मधल्या तारेत सव्वा व्होल्टला थोडं कमी. एक पॉइंट दोन. करंट साठ. त्यांनी खडूने खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चार रकाने आखले आणि पहिली ओळ लिहिली. एक पॉइंट दोन, साठ, शून्य पॉइंट शून्य दोन ओहम, बहात्तर वॅट.

"चांगल्या जोडात हे शून्याला टेकलेलं असतं," ते मला म्हणाले. "आज बहात्तर. करंट दुप्पट झाला तर किती?"

"एकशे चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"वहिनींना विचारा."

वहिनींनी चौपट सांगितलं. करंट दुप्पट झाला की तोच जोड व्होल्टही दुप्पट खातो, मग गुणाकार चौपट. दोनशे अठ्ठ्याऐंशी. मी विमा कार्यालयात अडतीस वर्षं काढली होती. धोका दुप्पट झाला की हप्ता दुप्पट, एवढंच मला माहीत होतं.

वार्षिक सभेत सर उभे राहिले आणि त्यांनी हे चार आकडे वाचले. अध्यक्ष कारखानीस हे सभा फार उंचीवर नेणारे गृहस्थ. 'सन्माननीय सभासदहो' म्हटल्याशिवाय ते पाण्याच्या वेळाही सांगत नाहीत. ते म्हणाले, "पेडणेकर सरांसारखे तज्ज्ञ आपल्यात आहेत हे आपलं भाग्य. सभा त्यांच्या सूचनेची गांभीर्याने नोंद घेत आहे." इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं मराठी बरं आहे असा समज आहे. मी लिहिलं, 'सभेने नोंद घेतली.' पुढल्या सहा वर्षांत हे वाक्य मी सहा वेळा लिहिलं. एकदाही हात थांबला नाही.

तिसऱ्या वर्षी आकडे असे होते: दोन पॉइंट चार व्होल्ट, ऐंशी अँपिअर, शून्य पॉइंट शून्य तीन ओहम, एकशे ब्याण्णव वॅट. लोक घरून काम करू लागले होते. दुपारीही एसी चालू, इंडक्शनच्या शेगड्या आल्या. पहिल्या मजल्यावरचा महाडिक खिडकीतून वायर सोडून खाली विजेवरची स्कूटर चार्ज करत होता. करंट वाढला हे सगळ्यांना समजलं. ओहमही वाढला, हे कोणाला समजलं नाही.

"कोणी हात लावला नाही त्या जोडाला, सर, मग रेझिस्टन्स कसा वाढेल?" महाडिकने सभेत विचारलं.

"तापतो, निवतो. तापला की सैल होतो, सैल झाला की जास्त तापतो. त्याला कोणी हात लावायची गरज नाही."

"पण एकशे ब्याण्णव वॅट म्हणजे काय हो? माझ्या घरचा मिक्सर पाचशेचा आहे."

सभेत हशा झाला.

"मिक्सर तू बंद करतोस," सर म्हणाले आणि खाली बसले.

त्या वर्षी मात्र ठराव झाला. जोड तापतो, तर त्याला गार ठेवावं, म्हणून मीटरच्या खोलीत एक टेबल फॅन कायम चालू ठेवण्याचं एकमताने ठरलं. पंख्याला हार घालून उद्घाटनही झालं. सर तिथे होते. मी विचारलं, "थोडा तरी फायदा होईल ना?" त्यांनी टाँग टेस्टर पंख्याच्या तारेला लावला. "पाव अँपिअर घेतो. तो पाव अँपिअर त्याच जोडातून येतो," ते म्हणाले. मग त्यांनी हारातलं एक झेंडूचं फूल पंख्याच्या जाळीत अडकलं होतं ते काढलं आणि वर गेले.

बिल्डर पाहणीला येणार म्हणून पुढच्या दिवाळीआधी मीटरच्या खोलीच्या दाराला ऑइलपेंट लावला, दोन्ही बाजूंनी. खडूचे रकाने गेले. बिल्डर आला नाही. सरांनी नवे रकाने आखले. ऑइलपेंटवर खडू नीट उमटत नव्हता, म्हणून आकडे गिरवून गिरवून लिहिले.

सर हे सगळं का करत होते याबद्दल बिल्डिंगमध्ये दोन मतं होती. एक, निवृत्त माणसाला उद्योग नसतो. दोन, त्यांना सेक्रेटरी व्हायचं आहे. तिसरं कारण चौथ्या मजल्यावर पलंगावर होतं. सरांच्या पत्नी सुलभाताईंना अर्धांगवायू होऊन बरीच वर्षं झाली होती. डावी बाजू गेलेली, जीभ जड, पण डोकं साफ. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती, तिचा पंप दिवसरात्र चालू. मी गेलो की त्या सावकाश शब्द जुळवत मालवणीत बोलत. "ह्येंका माझ्यापेक्षा त्या वायरीची काळजी जास्त. रोज जावन तिचो ताप बघतत."

सर स्वयंपाकघरात चहा करत होते.

त्या दिवशी जिना उतरताना ते माझ्याबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत आले. म्हणाले, "गोखले, मी करून बघितलंय. खुर्चीला बांधून तिला खाली न्यायचं तर चार माणसं लागतात आणि नऊ मिनिटं. वळणावर खुर्ची उभी करावी लागते. मीटरची खोली पेटली तर धूर याच जिन्याने वर येणार. चौथ्या मजल्यापर्यंत यायला त्याला दोन मिनिटंही लागायची नाहीत."

"सर, हे सभेत सांगा ना. लोक ऐकतील."

"सभेत काय सांगू? बायको आजारी आहे म्हणून केबल बदला?" ते म्हणाले. "मग ती माझी अडचण झाली. आत्ता निदान बिल्डिंगची आहे." मग एक पायरी उतरत म्हणाले, "आणि दुपारी बिल्डिंगमध्ये चार माणसं नसतात."

मी घरी आलो. कार्यकारिणीत हे मांडावं असं मनात आलं. त्या महिन्यात सभा नव्हती.

याच सुमारास कारखानिसांनी पेडणेकर सरांचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. केबल देता येत नसली तरी शाल देता येते, असा त्यामागे सरळ हिशोब होता. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी आवारात मंच, चार हॅलोजन, दोन कर्णे, झाडांवर दिव्यांच्या माळा. सगळ्यांची वीज अर्थात मीटरच्या खोलीतून. सात वाजता सर खाली आले, मंचाकडे न येता आधी त्या खोलीत गेले. कारखानीस माइकवर 'ज्ञानाचा दिवा अखंड तेवत ठेवणारे' असं काहीतरी बोलत होते. सरांना वर बोलावलं, शाल झाली, श्रीफळ झालं, चांदीच्या रंगाचं सन्मानचिन्ह झालं. दोन शब्द बोला म्हटलं. सर माइकजवळ गेले.

"आत्ता एकशे चार अँपिअर आहे," ते म्हणाले. "कार्यक्रम थोडक्यात करा."

टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. विनोद आवडला लोकांना. नंतर मुलांचे नाच होते, ते सव्वादहापर्यंत चालले.

सहाव्या वर्षी आकडा झाला तीन पॉइंट सहा व्होल्ट, नव्वद अँपिअर, शून्य पॉइंट शून्य चार ओहम. तीनशे चोवीस वॅट. सरांनी वीज कंपनीला लिहिलं. त्यांचा माणूस आला, बघून म्हणाला, "आमच्या पेटीच्या पुढचं सगळं तुमचं," आणि गेला. मग सर दारोदार फिरले. त्यांनी वेळापत्रक केलं होतं: सम मजल्यांनी गिझर साडेसहापूर्वी लावायचा, विषम मजल्यांनी नंतर, दुपारी तीन ते पाच एका घरात एकच एसी. अत्यंत सुवाच्य अक्षरात बत्तीस प्रती. सगळ्यांनी "हो सर, नक्की सर" म्हणून घेतल्या. महाडिकने ती फ्रिजवर लावली. त्याच्याकडे मी ती बघितली, तेव्हा त्याच्या घरात दोन्ही एसी चालू होते आणि आम्ही दोघंही स्वेटर घालावा की काय अशा गारव्यात सरांचं अक्षर कसं सुंदर आहे याबद्दल बोललो.

एप्रिलमध्ये मी वर गेलो तर सरांच्या घरात फ्रिजचं दार उघडं टाकलेलं, आत वर्तमानपत्रं. त्यांच्या खोलीतला पंखा बंद. टीव्ही बंद. सुलभाताईंच्या डोक्यावरचा पंखा आणि गादीचा पंप तेवढे चालू होते. सर बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते.

"वीज गेली का?"

"नाही. बंद केलीय. जोडाचा ओहम माझ्या हातात नाही. करंट आहे थोडासा." त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागे केलेलं गणित दाखवलं. त्यांचे पॉइंट सात अँपिअर गेले की नव्वदचे एकोणनव्वद पॉइंट तीन. त्याचा वर्ग गुणिले शून्य पॉइंट शून्य चार. तीनशे एकोणीस.

"पाच वॅट कमी झाले," ते म्हणाले.

"पाच वॅटने काय होणार, सर?"

"काही नाही."

ते वारा घेत राहिले. मला पाणी दिलं ते माठातलं होतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला मला रबर जळाल्याचा वास आला. दार उघडलं तर जिन्यात काही दिसत नव्हतं. बायको आणि मी तोंडाला ओले पंचे लावून कठडा धरत खाली उतरलो. मीटरच्या खोलीच्या दारातून ज्वाळा थोड्याच येत होत्या, धूर मात्र सगळा वर जात होता. आवारात दहाबारा माणसं जमली होती, बहुतेक म्हातारी आणि बायका. मी सरांना फोन लावला. त्यांनी उचलला.

"दार लावून घेतलंय," ते म्हणाले. "खाली ओला टॉवेल घातलाय. खिडक्या उघड्या आहेत. तुम्ही उतरलात?"

"उतरलो."

"किती माणसं आहात खाली?"

मी मोजली. सांगितलं.

"उचलू शकतील अशी?"

मी पुन्हा मोजायला लागलो. तेच म्हणाले, "असू दे."

अग्निशमन दलाला यायला वेळ लागला नाही, पण गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या गाड्या हलवायला लागला. चाळीस मिनिटांनी दोन जवानांनी सुलभाताईंना खाली आणलं. त्यांना ते काम नऊ मिनिटांपेक्षा खूप कमी वेळात जमलं. सर मागून स्वतःच्या पायांनी आले, नाकाखाली काळं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "ताईंचा ऑक्सिजन थोडा कमी आहे." सरांनी विचारलं, "किती?" डॉक्टर म्हणाले, "ब्याऐंशी." सरांनी मान हलवली आणि बाकावर बसले.

सुलभाताई अकरा दिवसांनी गेल्या. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं. त्यामुळे संस्थेच्या दप्तरात आगीत जीवितहानी नाही.

खास सभा बोलावली गेली. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, आणि नव्या केबलचा विषय त्यानंतर सात मिनिटांत मंजूर झाला. सर आले नव्हते. ठेकेदाराने दोन दिवसांत काम संपवलं. इतकं सोपं होतं हे बघून सगळ्यांनाच जरा अवघडल्यासारखं झालं. म्हणून कारखानिसांनी नव्या केबलचा लोकार्पण सोहळा ठेवला. आम्ही दोघं आमंत्रण द्यायला चौथ्या मजल्यावर गेलो. सर पुस्तकांना सुतळी बांधत होते. ते घर भाड्याने देऊन पुतण्याकडे गावी चालले होते.

"सर, रविवारी अकराला छोटासा कार्यक्रम आहे," कारखानीस म्हणाले. "फीत तुमच्याच हस्ते. सगळ्या सभासदांची इच्छा आहे."

"माझा टेम्पो दहाला येतोय."

"मग साडेनऊला घेऊ की."

सरांनी सुतळीची गाठ मारली. "नव्या केबलला जोड आहे कुठे?"

"छे छे. एकदम अखंड. एकच लांब तुकडा, सर."

"मग माझं काय काम," ते म्हणाले.

रविवारी मी त्यांना पोहोचवायला खाली गेलो. सामान फार नव्हतं. एक कपाट, माठ, पुस्तकं, घडी घातलेली हवेची गादी. ड्रायव्हर गादी मागे टाकू म्हणाला, सर नको म्हणाले आणि ती मांडीवर घेऊन पुढे बसले. मीटरच्या खोलीच्या दारावर तेव्हाच झेंडूचं तोरण लागत होतं. टेम्पो वळताना ते त्या बाजूला बसले होते, पण समोर बघत होते. मी हात केला. ड्रायव्हरने केला.

अकरा वाजता फीत कारखानिसांनी कापली. केबल नवी आणि जाड असल्यामुळे त्या महिन्यात बिल्डिंगमध्ये नऊ नवे एसी बसले. पेडणेकरांच्या घरातल्या भाडेकरूचा धरून दहा.